तोंडास उग्र दर्प

निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली तरी 'निबंध' हा शब्द कानावर पडला की माझी मान आपोआप वर होते. पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. 'माझा आवडता ऋतू', 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत' असे किती गठ्ठे तपासले आणि लाल शाईच्या किती बाटल्या रिकाम्या केल्या, त्याचा हिशेब नाही. पण शिक्षा म्हणून निबंध मी कधी कुणाला दिला नाही. शिक्षा म्हणून लिहायला लावलं की मूल चुकीचा नव्हे, लिहिण्याचाच राग धरतं, असं माझं मत होतं आणि आहे.

म्हणूनच २०२४ च्या मे महिन्यात पुण्याच्या कल्याणीनगरची बातमी आली तेव्हा मी पेपर खाली ठेवला. १९ मेची पहाट, पोर्शे गाडी, चालवणारा सतरा वर्षांचा मुलगा, मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते जागीच गेलेले. आणि त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने मुलाला जामीन देताना घातलेल्या अटींतली एक अट : अपघात या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध. पुढे लोकक्षोभ झाला, काही दिवसांतच तो आदेश बदलला, मुलाची रवानगी निरीक्षणगृहात झाली, नंतर उच्च न्यायालयाने त्याला सोडायला सांगितलं. हे सगळं आपण वाचलेलंच आहे. माझा नातू तेव्हा शिकाऊ लायसन्स काढायच्या खटपटीत होता. त्याने विचारलं, "आजोबा, मग दारू पिऊन गाडी चालवल्याची खरी शिक्षा किती असते?"

"असते काहीतरी," मी म्हणालो. मास्तराला न शोभणारं उत्तर! मग शेजारच्या वकिलांकडून जुनी पुस्तकं आणली, डोळ्यांवर दोन चष्मे आलटूनपालटून चढवले आणि वाचत बसलो. वाचता वाचता लक्षात आलं की या इतिहासात कोपऱ्यात का होईना, मीही दोनदा उभा आहे. ते शेवटी सांगणारच आहे. आधी इतिहास.

आपल्याकडे दारूचा कायदा आणि मोटारीचा कायदा या दोन वेगळ्या घरांतल्या सुना. मोटारीचा पहिला अखिल भारतीय नीट कायदा १९३९ चा. त्यात दारू पिऊन वाहन चालवण्याचं कलम होतं, ११७ वं. पण त्याची भाषा अशी की, चालक इतका प्यालेला असावा की त्याला वाहनावर योग्य ताबा ठेवता येणार नाही. 'इतका' म्हणजे किती? मोजमाप नाही. गंमत अशी की त्याच वर्षी अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने रक्तातल्या दारूचा आकडा कायद्यात घातला, आणि नॉर्वेने तर तो १९३६ मध्येच घातला होता. आपल्याकडे मात्र १९३९ साल गाजलं ते दुसऱ्याच कारणाने. मुंबई शहरात काँग्रेसच्या पहिल्या मंत्रिमंडळाने दारूबंदी आणली. डॉ. गिल्डर तेव्हा त्या खात्याचे मंत्री होते. बंदी टिकली नाही, पण हेतू टिकला. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून सगळ्या मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली.

हा कायदा आजही आहे, नावातलं 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आलं एवढंच. पिण्यासाठी परवाना लागतो तो त्याच कायद्याने. बारमध्ये बसणाऱ्या किती जणांच्या खिशात तो असतो, हे विचारू नये.

या कायद्याच्या डोळ्यांपुढे रस्ता नव्हता, संसार होता. दारूने घरं बुडतात, पगाराच्या दिवशी बायका कारखान्याच्या फाटकाशी उभ्या राहतात, ही कळकळ त्यामागे होती, आणि ती खोटी नव्हती. आमच्या अंबरनाथला विमको काडेपेटीचा कारखाना आणि ऑर्डनन्स फॅक्टरी, पलीकडे लष्कराच्या कल्याण कॅम्पातून १९४९ मध्ये नाव बदलून उभं राहिलेलं निर्वासितांचं उल्हासनगर, आणि अलीकडे भातशेतीचं बदलापूर. पगाराच्या दिवशीची ती फाटकावरची गर्दी मी लहानपणी पाहिलेली आहे. पण गुन्हा होता तो पिण्याचा. पिऊन माणूस घरी जाऊन झोपला काय आणि ट्रक घेऊन निघाला काय, दारूबंदीच्या लेखी दोघांत मोठा फरक नव्हता.

आणि पिणं सिद्ध कसं करायचं? नाकाने. हवालदाराच्या नाकाने, नंतर डॉक्टरच्या नाकाने. आरोपी म्हणे, मी औषध घेतलं. कायद्यात औषधांना सूट होती, त्यामुळे आल्याचा अर्क, द्राक्षासव, खोकल्याची बाटली यांना त्या काळात भलतेच चांगले दिवस आले. माझे वडील सांगत की गावातल्या लोकांना अचानक पोटाचे विकार फार वाढले होते! शेवटी १९५९ मध्ये कायदा दुरुस्त करून आकडा आणला. रक्तात शेकडा ०.०५, म्हणजे शंभर मिलीलिटर रक्तात पन्नास मिलिग्रॅम किंवा जास्त अल्कोहोल सापडलं, तर ते औषधातून आलं हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर.

त्याच वर्षी रक्त कसं घ्यायचं याचे नियम झाले. ते मी दोनदा वाचले, इतके मला आवडले. सिरिंज उकळत्या पाण्यात निर्जंतुक करायची. कातडी निर्जंतुक पाण्याने पुसायची, स्पिरिट अजिबात लावायचं नाही (नाहीतर आरोपीच्या आधी कापूसच दोषी ठरायचा). निदान पाच सीसी रक्त, गोठू नये आणि नासू नये म्हणून औषध घातलेली शीशी, ती हलवायची, चिठ्ठी लावायची, झाकणावर लाख ओतून मोहोर उठवायची आणि सात दिवसांच्या आत तपासणीला पाठवायची. शाळेतल्या प्रयोगवहीत असतं तसं स्वच्छ, क्रमवार लेखन. ज्या अधिकाऱ्याने हे लिहिलं त्याला माणसाचा स्वभाव ठाऊक होता. शीशी फुटते, हरवते, बदलते, हे त्याने गृहीत धरलेलं दिसतं.

पुढची दहा-बारा वर्षं या शीशीभोवतीच गेली. १९६३ मध्ये 'उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा खटला सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायाधीशांपुढे चालला. गाडीचा अपघात, चालक प्यालेला असल्याचा आरोप, डॉक्टरने रक्त घेतलेलं. पण ती बाटली मधल्या दिवसांत कुठे आणि कुणाच्या ताब्यात होती याचा धड पुरावा नाही. बहुमताने न्यायालय म्हणालं की ५९ सालच्या पद्धतीनेच रक्त घेतलं असलं पाहिजे असं नाही, दुसऱ्या मार्गाने आलेला तपासणीचा पुरावाही चालेल. मग १९७१ चा बच्चूभाई करयानी यांचा खटला, तोही महाराष्ट्रातलाच. तिथे डॉक्टरने लिहिलं होतं : तोंडाला वास, चाल अस्थिर, बाहुल्या विस्फारलेल्या, बोलणं असंबद्ध. न्यायालय म्हणालं, रक्त किंवा लघवी तपासलेली नसेल तर एवढ्यावरून माणूस दारू प्याला होता असं ठरत नाही.

तर्काने पाहिलं तर बरोबरच आहे. ताप असेल, धक्का बसला असेल, अपघातानंतर कुणाची चाल स्थिर असते? निरपराध माणूस केवळ वासावरून तुरुंगात जाऊ नये. हे मी आज म्हणतो. १९७९ मध्ये मात्र हा निकाल मला कोर्टात पहिल्यांदा भेटला तेव्हा मी असं म्हटलं नव्हतं.

मी तेव्हा अंबरनाथला शिकवत होतो आणि बदलापूरहून ये-जा करत होतो. शाळेचे शिपाईमामा सायकलने यायचे. पावसाळा संपत आला होता. संध्याकाळी शाळा बंद करून मामा निघाले आणि बदलापूर रस्त्यावर एका अ‍ॅम्बेसेडरने त्यांना मागून उडवलं. मी स्टेशनकडे चाललो होतो, आरडाओरडा ऐकून धावलो. मामा रस्त्याकडेच्या चिखलात, उजवा पाय मांडीपासून विचित्र वळलेला. गाडी दोन झाडं सोडून तिसऱ्याला थडकलेली. चालवणारा गावातला प्रतिष्ठित गृहस्थ, दाराला धरून उभा, आणि मलाच विचारतोय, "गुरुजी, शाळा सुटली का?" वास मला चार हातांवरून आला.

पोलीस आले. पंच म्हणून मास्तर बरा, आणि मास्तराचं अक्षर चांगलं, म्हणून पंचनामा मीच लिहिला. हवालदार सांगत होता, मी लिहीत होतो. त्यातलं एक वाक्य त्या काळी प्रत्येक पंचनाम्यात असायचं : 'इसमाचे तोंडास दारूचा उग्र दर्प येत होता.' मी शुद्धलेखन तपासून, र्‍हस्व-दीर्घ सांभाळून लिहिलं. गृहस्थाला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून वास, चाल, बाहुल्या, बोलणं हे सगळं कागदावर उतरवलं. रक्त घेतलं नाही. शीशी नव्हती म्हणाले. खरंच नव्हती की कुणी नसू दिली, यावर मी पुष्कळ वर्षं मनात वाद घातला आहे.

दीड वर्षाने साक्षीला बोलावणं आलं. बचावाचे वकील मोठे गोड बोलणारे होते.

"गुरुजी, तुम्ही दारू पिता का?"

"नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"मग जो पदार्थ तुम्ही आयुष्यात चाखला नाही, त्याचा वास तुम्ही ओळखला कसा?"

मी गप्प. 'पितो' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न परवान्याचा आला असता, हे मला नंतर कुणीतरी सांगितलं. कोर्टात हशा पिकला. मग वकिलांनी 'दर्प' या शब्दाचा अर्थ विचारला. मी तीस वर्षांचा, मराठीचा शिक्षक, उत्साहाने सांगितलं की दर्पचा मूळ अर्थ गर्व, वास हा नंतरचा. ते म्हणाले, "म्हणजे आरोपीच्या तोंडाला गर्व येत होता, असंही म्हणता येईल?" पुन्हा हशा. त्यानंतर त्यांनी शांतपणे १९७१ चा निकाल पुढे ठेवला. दारूचा आरोप गळाला. बेदरकार वाहन चालवून दुखापत केल्याबद्दल पाचशे रुपये दंड झाला, तो गृहस्थांनी तिथेच भरला.

मामा बाहेर बाकावर बसले होते. पाय दोन इंच आखूड झाला होता. मला म्हणाले, "सर, तुम्ही चांगलं बोललात." निवृत्त होईपर्यंत ते काठी डाव्या काखेत धरून उजव्या हाताने घंटा देत राहिले. एका सुरात तीन ठोके, ते कधी चुकले नाहीत.

तो पंचनामा दीड पानांचा होता. शब्द मोजले असते तर तीनशेच्या आसपास भरले असते.

असो. कायद्याकडे परत येऊ. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये नव्याने आला आणि १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यातलं कलम १८५ सुरुवातीला फार कडक होतं. रक्तात अल्कोहोल कितीही थोडं असलं तरी गुन्हा! म्हणजे वाहन चालवणाऱ्याला खोकल्याचं औषधही महागात पडलं असतं. १९९४ च्या दुरुस्तीने ते बदलून मर्यादा घातली : शंभर मिलीलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त, आणि तेही श्वास तपासणाऱ्या यंत्राने. हे यंत्र इंडियानाच्याच बोर्केनस्टाइन नावाच्या माणसाने १९५४ मध्ये बनवलं होतं. आपल्या कायद्यात ते नीट रुजायला चाळीस वर्षं लागली.

पण आता बघा. दारूबंदी कायद्याचा आकडा पन्नास, मोटारीचा तीस. इंग्लंडने १९६७ मध्ये ऐंशी धरला. अमेरिकेत बहुतेक सगळ्या राज्यांत आजही ऐंशीच आहे, फक्त यूटा राज्याने २०१८ च्या अखेरीस तो पन्नासवर आणला. म्हणजे कागदावर आपण अमेरिकेपेक्षा कितीतरी कडक! शिक्षा मात्र पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत आणि तीन हजार. 'किंवा' या छोट्या अव्ययाने किती जणांना घरी पाठवलं असेल! व्याकरण शिकवताना उभयान्वयी अव्ययाचं इतकं जोरदार उदाहरण मला कधी सुचलं नाही.

१२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एका तरुणाची गाडी पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात जण गेले, आठ जखमी झाले. या वेळी रक्त घेतलेलं होतं, आणि आकडा ०.११२ टक्के आला. आमच्या १९७९ च्या खटल्यात जे नव्हतं ते इथे होतं. तरी सत्र न्यायालयाने २००७ मध्ये निष्काळजीपणा धरून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी सदोष मनुष्यवध मानून तीन वर्षं केली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. अ‍ॅलिस्टर परेरा हे नाव सगळ्यांना ठाऊक झालं. त्या सात मजुरांपैकी एकाचं नाव सांगा म्हटलं तर मलाही सांगता येत नाही, आणि मी तर हे सगळं वाचून बसलो आहे.

२००७ मध्ये मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी यंत्रं घेऊन नाकाबंदीची मोहीम सुरू केली. न्यायालयांनीही दंडाबरोबर काही दिवसांची कैद द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे पांढरपेशा माणूस घाबरला. ते लोण ठाण्याकडे आणि मग आमच्याकडे आलं. ३१ डिसेंबरला उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या नाक्यांवर पिवळे अडथळे लागू लागले. दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेला मथळा : 'तळीरामांवर कारवाई'. हा शब्द गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला. नाटक १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं, आणि त्यातला तळीराम प्रेक्षकांना हसवून गेला. म्हणून मला हा मथळा खुपतो. 'तळीराम' वाचलं की ओठावर हसू येतं. चिखलात पडलेल्या माणसाला त्या शब्दात जागाच नाही.

आता माझी दुसरी गोष्ट. ३१ डिसेंबर २००९. रात्री साडेबाराला वहिनींचा फोन. पुतण्या उल्हासनगरहून मोटारसायकलवर येताना नाक्यावर सापडला. "भावोजी, तिथला साहेब तुमचा विद्यार्थी आहे म्हणे. एक शब्द टाका ना. पोराची नोकरी नवीन आहे."

मी शब्द टाकला. लपवण्यात अर्थ नाही. स्वेटर चढवला, चष्मा लावला, नंबर मिळवला आणि फोन लावला. हा विद्यार्थी शेवटच्या बाकावर बसायचा, निबंध त्याला कधी जमला नाही. माझा आवाज ओळखून तो उभाच राहिला असावा, असं त्याच्या बोलण्यावरून वाटलं. "सर, यंत्रातून चिठ्ठी बाहेर आलीय. चौऱ्याऐंशी. तुम्ही सांगा, ती मी कुठे ठेवू?"

मी म्हणालो, "काही नाही. ठेव तू." त्याने मला नवीन वर्षाच्या शुभेच्छा दिल्या, मीही दिल्या. पुतण्याला न्यायालयात दोन हजार दंड झाला, लायसन्स काही महिने अडकलं. वहिनी माझ्याशी संक्रांतीपर्यंत बोलल्या नाहीत, कारण त्यांच्या मते मी मनापासून सांगितलंच नव्हतं. त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. आणि तरीही, सांगायला फोन तर मीच केला होता.

बाकीचं भराभर सांगतो. २०१६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्री नको म्हटलं, २०१७ मध्ये मोजपट्ट्या निघाल्या, आणि काही महिन्यांत शहरी हद्दी त्यातून सुटल्या. १ सप्टेंबर २०१९ पासून कलम १८५ चा दंड दहा हजार, पुन्हा सापडल्यास पंधरा हजार. आपल्या राज्याने नव्या दंडांची अंमलबजावणी लांबवली, ती डिसेंबर २०२१ मध्ये झाली. मद्यपी चालकाचा दंड मात्र चौकात पावती फाडून भागत नाही, न्यायालयातच जावं लागतं. जुलै २०२४ पासून दंडसंहिता जाऊन न्यायसंहिता आली आणि निष्काळजीपणाने जीव घेतल्याची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत गेली.

हे सगळं नातवाला सांगितलं. त्याने ऐकलं, आणि विचारलं, "पण पुण्यात तर रक्तच बदललं म्हणतात ना?" आरोप तसा आहे, त्यावरून ससूनच्या दोन डॉक्टरांना अटक झाली, आणि निवाडा न्यायालयाने करायचा आहे, असं मी त्याला सांगितलं. मग १९५९ च्या नियमांतला लाखेचा आणि मोहोरेचा भाग वाचून दाखवला. त्याला तो फार आवडला नाही. लाख म्हणजे काय, हेच आधी समजावून सांगावं लागलं.

शिपाईमामा २०१४ मध्ये गेले. शेवटची काही वर्षं मी महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जायचो. चहा व्हायचा, जुन्या हेडमास्तरांच्या नकला व्हायच्या, कोर्टातला तो 'दर्प'चा किस्सा तेच मला पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे आणि ठसका लागेपर्यंत हसायचे. त्या ३१ डिसेंबरच्या फोनची गोष्ट मात्र मी त्यांना कधी सांगितली नाही.